धुराचा कौल

टोलेडोत डिसेंबर. तळघरातला बंब गळायला लागला
तेव्हा ड्वेन कोवाल्स्की आला, गुडघ्यांना पॅड बांधून,
आणि नव्याचं खोकं फोडायच्या आधी
जुन्याच्या माथ्यावरची काजळी त्यानं बोटावर घेतली.
पाइपांभोवतीच्या प्लास्टिकच्या चकत्या
मेणासारख्या ओघळल्या होत्या.
"हे कधीपासून?"
मी म्हटलं, मी वर राहते. खाली फक्त कपडे धुवायला येते.
तो हसला नाही.

बंब मीच म्हणते. इथे सगळे हीटर म्हणतात.
कराडचा आमचा तांब्याचा होता, त्याचा धूर
डोळ्यांत जायचा, शिव्या खायचा, निघून जायचा.
ह्याचा दिसत नाही. वासही नाही.
म्हणून आम्ही त्याला सभ्य समजलो.

दुपारपर्यंत नवा उभा राहिला.
आट्यांवर पिवळी पट्टी, गॅसच्या नळीला खाली एक आंधळा तुकडा,
कचरा साठायला. सुरक्षा-झडपेची नळी
जमिनीच्या वीतभर वर आणून सोडली.
"हिला कधी बूच लावायचं नाही. थेंब पडला तरी."
मी सुधन्वाकडे बघितलं. घरातलं गळणारं सगळं
तो बूच लावून गप्प करतो.

मग वाटीत भांड्यांचा साबण, ब्रशनं सांध्यासांध्याला फेस.
तिसऱ्या सांध्यावर एक फुगा
झोपेतून डोळा उघडावा तसा मोठा झाला.
पान्याचा पाव फेरा.
पुन्हा फेस. फुगा नाही.

शेवटी त्यानं दारं-खिडक्या लावून घेतल्या,
स्वयंपाकघरातला पंखा आणि ड्रायर सुरू करायला सांगितलं.
"तुमचा सगळ्यात वाईट रविवार आहे असं समजा."
काडेपेटी गाडीत राहिली होती.
मी देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली, मोगऱ्याची.
जाळ पेटल्यावर पाच मिनिटं थांबून
त्यानं ती धुराड्याच्या टोपीपाशी धरली.
धूर आत ओढला जायला हवा.
धूर वाकला, थबकला,
आणि सरळ माझ्या तोंडावर आला.

ड्वेननं गॅस बंद केला. "भट्टी कधी बदललीत?"
अकरा वर्षं झाली. नवी भिंतीतून श्वास सोडते.
पूर्वी दोघं मिळून चिमणी तापवायचे,
आता एवढ्या रुंद, गार विटांत
हा एकटाच, चिमूटभर जाळाचा.
"ह्याला आम्ही अनाथ म्हणतो," तो म्हणाला.
"रविवारी डोकी दुखतात का तुमची?"

रविवारी मी केस धुते. चार बादल्यांचे कपडे.
रविवारीच कराडला फोन होतो,
आणि फोन ठेवला की दोघांचीही कपाळं जड,
बोलणं नको, जेवण नको, पडून राहायचं.
अकरा हिवाळे आम्ही त्याला
घरची आठवण म्हणत आलो.

तीन दिवस पातेल्यात पाणी तापवलं.
ड्वेन आणि त्याचा पुतण्या छपरावरचा बर्फ खरवडून
चिमणीत स्टीलची अरुंद नळी उतरवत होते.
पुन्हा पंखा, ड्रायर, पुन्हा उदबत्ती.
ह्या वेळी धूर आत गेला,
चप्पल बाहेर काढून ओळखीच्या घरी जावं तसा.
शहराचा इन्स्पेक्टर सही करून गेला.
दोन्ही मजल्यांवर विषारी वायूचे अलार्म,
रात्री त्यांचे हिरवे दिवे.

काल रविवार. वहिनीचा गुडघा, गल्लीतली नवी लग्नं,
कृष्णेचं पाणी कुठवर आहे ते, सगळं बोलून झालं.
फोन ठेवला आणि आम्ही वाट बघत बसलो.
डोकं दुखलं नाही.
पण उठावंसंही वाटेना. हे जे उरलं
ते नक्की कुठे दुखतं, कळेना.

सुधन्वा खाली जाऊन आला.
"त्या नळीतून थेंब पडतोय," म्हणाला. खिशात हात.
पडू दे, मी म्हटलं. बूच लावू नकोस.
सकाळी ड्वेनला फोन करते.